पासपोर्ट, सीडीसी आणि पंधरा लाख: बोटीवरच्या एका इंजिनीअरचे करनिवासाचे प्रकरण

गुहागर तालुक्यातला एक सेकंड इंजिनीअर, वय चाळिशीच्या अलीकडे, परदेशी झेंड्याच्या तेलवाहू बोटीवर नोकरीला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा सोप्या आकड्यांत घेतल्या आहेत. आर्थिक वर्ष २०२३-२४. प्रश्न एवढाच, की त्या वर्षापुरता तो आयकर कायद्याच्या नजरेत अनिवासी होता का? उत्तर ‘हो’ असेल तर बोटीवरच्या पगारावर भारतात कर नाही. ‘नाही’ असेल तर अंदाजे ३८ लाखांचा पगार करपात्र ठरतो आणि नव्या कर प्रणालीच्या दरानेही साडेआठ लाखांच्या आसपास कर बसतो. कोकणातल्या एका घराची दोन-तीन वर्षांची शिल्लक यात जाते. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

मार्च २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात त्याची पत्नी करसल्ल्यासाठी आमच्याकडे आली. तो तेव्हा बोटीवरच होता. बोटीवरच्या माणसांच्या घरी बँक, घरपट्टी, शाळा, डॉक्टर हे सगळे बायकाच बघतात आणि फाइलही त्यांच्याकडेच असते. वहिनींची फाइल नीट लावलेली होती. त्यांना विचारायचे होते ते भलतेच. ऑक्टोबरमध्ये पनवेलचा फ्लॅट विकला, विकणारा अनिवासी म्हणून घेणाऱ्याने पूर्ण विक्री किमतीवर कर कापला, बारा लाखांच्या वर पैसे अडकले, ते परत कधी मिळणार? पगाराची त्यांना काळजी नव्हती. “ह्यांचं म्हणणं, १८३ दिवस बाहेर झाले की सुटलो. तेवढे झालेत,” असे त्यांनी सांगितले.

बोटीवरच्या बहुतेकांच्या तोंडी हा १८३ चा आकडा असतो आणि तो एका दिवसाने चुकीचा आहे. कायदा बाहेरचे दिवस मोजतच नाही, भारतातले मोजतो. भारतात १८२ किंवा जास्त दिवस मुक्काम झाला की माणूस निवासी. म्हणजे भारतात जास्तीत जास्त १८१ दिवस चालतात. ३६५ मधून १८१ वजा केले की १८४ उरतात. १८३ दिवस बाहेर काढून निर्धास्त बसलेला माणूस भारतात १८२ दिवस राहिलेला असतो, आणि तेवढ्यावर तो निवासी होतो. त्यातही २०२३-२४ या आर्थिक वर्षात २९ फेब्रुवारी आला, म्हणजे वर्ष ३६६ दिवसांचे. त्या वर्षी बाहेर १८५ दिवस हवे होते.

आता त्याचे वर्ष पाहू. १ एप्रिल २०२३ ला तो आधीच्या कॉन्ट्रॅक्टवर बोटीवरच होता. १२ जूनला सिंगापूरला साइन ऑफ झाला, म्हणजे बोटीवरून मोकळा झाला, १३ जूनला मुंबई विमानतळावर उतरला. पुढचे जॉइनिंग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ठरले होते. बोटीचा कार्यक्रम बदलला, मग पुन्हा बदलला, आणि दिवस घरी मोजले जात राहिले. शेवटी त्याला गुजरातेत कांडला बंदरात बोलावले. सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकात, साइन ऑनची, म्हणजे बोटीवर रुजू झाल्याची, तारीख पडली ६ डिसेंबर. बोट माल उतरवत बंदरात थांबली आणि ११ डिसेंबरला अमिरातीतल्या फुजैरा बंदराकडे निघाली. पासपोर्टवर इमिग्रेशनचा शिक्का ११ तारखेचा. त्यानंतर ३१ मार्चपर्यंत तो बोटीवरच होता. फेब्रुवारीत हीच बोट चार दिवसांसाठी पुन्हा भारतीय बंदरात येऊन गेली.

पासपोर्टप्रमाणे मोजा: १३ जून ते ११ डिसेंबर, दोन्ही टोके धरून १८२ दिवस. नेमका काठावरचा आकडा, आणि काठ पलीकडचा. सीडीसीप्रमाणे मोजा: १३ जून ते ५ डिसेंबर, १७६ दिवस. एकाच माणसाचे एकच वर्ष, एका कागदावर निवासी, दुसऱ्यावर अनिवासी.

सीडीसीचा हिशेब आमच्या सोयीचा म्हणून काढलेला नाही. २०१५ च्या वित्त कायद्याने कलम ६ मध्ये एक स्पष्टीकरण आणले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयकर नियमांत नियम १२६ आला. भारतातून परदेशी निघणाऱ्या बोटीवरच्या भारतीय नागरिकासाठी, सीडीसीत जॉइन झाल्याची जी तारीख आहे तिथपासून साइन ऑफच्या तारखेपर्यंतचा काळ भारतातल्या मुक्कामात धरायचा नाही, असे तो नियम सांगतो. अट अशी की सफर ‘पात्र’ हवी: भारतीय बंदरातून निघाली तर परदेशी बंदराकडे, परदेशी बंदरातून निघाली तर भारतीय बंदराकडे, आणि बोट आंतरराष्ट्रीय वाहतुकीतली. त्यामुळे कांडल्यात उभ्या बोटीवरचे ते पाच-सहा दिवस गळतात. फेब्रुवारीतले चार दिवसही गळतात, कारण तेव्हाची येण्याची आणि जाण्याची दोन्ही सफर परदेशी बंदराशी जोडलेली होती.

हा नियम सगळ्यांना लागत नाही, आणि रत्नागिरी-रायगडच्या पोरांनी हे नीट समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. भारतीय बंदर ते भारतीय बंदर अशा किनारी सफरीवरचा काळ भारतातलाच. बॉम्बे हायला सप्लाय बोटीवर किंवा रिगवर काम करणाऱ्याचेही दिवस भारतातच मोजले जातात, कारण आयकर कायद्याच्या ‘भारत’ या व्याख्येत सागरी आर्थिक क्षेत्रही येते. समुद्रात चार महिने किनारा दिसला नाही म्हणून माणूस परदेशात होता असे होत नाही. आमचा इंजिनीअर स्वतः २०१३-१४ आणि २०१४-१५ मध्ये किनारी बोटीवर होता, आणि त्या दोन वर्षांत तो निवासीच होता. हा तपशील पुढे उपयोगी पडतो.

इथपर्यंतचे काम दिवसांचे. वहिनींच्या फाइलमधला दुसरा कागद वाचला तेव्हा मात्र दिवसांचा हिशेब अपुरा पडला.

पनवेलचा फ्लॅट २०१४-१५ मध्ये ३० लाखांना घेतला होता आणि १९ ऑक्टोबर २०२३ ला ६१ लाख १० हजारांना विकला. महागाई निर्देशांक तेव्हाचा २४०, विक्रीच्या वर्षीचा ३४८. खरेदीची किंमत वाढून ४३ लाख ५० हजार धरली, दीर्घकालीन भांडवली नफा निघाला १७ लाख ६० हजार. एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या भारतातल्या कमाईच्या खात्यातल्या, ठेवींचे व्याज १ लाख १० हजार. भारतातले एकूण उत्पन्न १८ लाख ७० हजार. एनआरई, म्हणजे अनिवासींनी परदेशातली कमाई ठेवायच्या, खात्याचे व्याज करमुक्त, ते यात नाही.

१५ लाखांची रेघ इथे ओलांडली गेली. २०२० च्या अर्थसंकल्पात सरकारने निवासाचे नियम कडक केले. मूळ विधेयकात परदेशातून भेटीवर येणाऱ्या सर्व भारतीयांसाठी १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा होती, आणि जो भारतीय नागरिक कोणत्याच देशात करपात्र नाही त्याला थेट निवासी मानायचे असे कलम होते. आखाती देशांत काम करणाऱ्यांमध्ये त्यावरून मोठी घबराट झाली. सरकारला दुसऱ्याच दिवशी, २ फेब्रुवारीला, खुलासा काढावा लागला. मार्चमध्ये कायदा मंजूर झाला तेव्हा दोन्ही ठिकाणी एक अट घातली गेली: परदेशी स्रोताचे उत्पन्न सोडून बाकीचे एकूण उत्पन्न १५ लाखांहून अधिक असेल तरच. सामान्य नोकरदाराला वाचवायलाच ही अट आहे, आणि ज्या वर्षी काही विकले नाही त्या वर्षी ती वाचवतेही. पण भांडवली नफाही एकूण उत्पन्नातच मोजला जातो. आयुष्यात एकदा फ्लॅट विकणारा खलाशी त्या एका वर्षापुरता श्रीमंतांसाठी केलेल्या कलमात सापडतो. हे मला अन्याय्य वाटते, पण कायदा तसा आहे आणि त्यात जगायचे आहे.

रेघ ओलांडल्यावर दोन दारे उघडतात.

पहिले, १२० दिवसांचे. भेटीवर आलेला भारतीय नागरिक १२० ते १८१ दिवस इथे राहिला आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस किंवा जास्त इथे होता, तर तो निवासी. आमचा माणूस १७६ दिवस होता. चार वर्षांचे ३६५ तर सहज भरत होते, एकट्या २०२०-२१ मध्ये तो कोविडमुळे दहा महिने घरी अडकला होता. इथे एक चांगला बचाव आहे. नोकरीसाठी भारत सोडून जाणाऱ्याला कायदा वेगळ्या खंडात १८२ दिवस देतो आणि त्या खंडाला १५ लाखांची अट नाही. तो डिसेंबरमध्ये नोकरीसाठीच भारताबाहेर गेला होता. विभाग म्हणू शकतो की ही सवलत पहिल्यांदा नोकरीला जाणाऱ्याची. कायद्याचे शब्द ‘कोणत्याही वर्षी’ असे आहेत आणि माझ्या मते प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला ते लागू होतात.

पण हा वाद जिंकूनही उपयोग नव्हता, कारण दुसरे दार, कलम ६ (१ अ). भारतीय नागरिक, भारतातले उत्पन्न १५ लाखांच्या वर, आणि रहिवासामुळे वा तत्सम कारणाने दुसऱ्या कोणत्याही देशात करपात्र नाही: असा माणूस भारतात एक दिवस न राहताही निवासी मानला जातो. दुबईत किंवा सिंगापुरात बिऱ्हाड करून राहणाऱ्याला निदान कुठल्यातरी देशाचा रहिवासी दाखला मागता येतो. बोटीवरच्या माणसाचा देश कोणता? बोटीचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, पगार तिसऱ्या देशातून. त्याच्यावर कोणीच कर लावत नाही.

दोन्ही दारांतून आत आलेला माणूस ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ या मधल्या वर्गात जातो. या वर्गाला परदेशात कमावलेल्या उत्पन्नावर इथे कर नाही, म्हणून बरेच सल्लागार इथे थांबतात आणि अशिलाला काळजी करू नका म्हणून सांगतात. बोटीवरच्या माणसाने इथे थांबू नये.

कारण पगार कुठे जमा होतो हा पुढचा प्रश्न आहे. भारतात ‘प्राप्त’ झालेले उत्पन्न, ते कुठेही कमावलेले असो, कलम ५ प्रमाणे निवासी, मधला आणि अनिवासी अशा तिन्ही वर्गांना करपात्र आहे. बोटीवरच्या बहुतेकांचा पगार परदेशातून थेट इथल्या एनआरई खात्यात येतो. कोलकात्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये अशा एका प्रकरणात हा पगार भारतात प्राप्त झाला म्हणून करपात्र ठरवला होता. खलाशांत खळबळ माजली, आणि एप्रिल २०१७ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक १३/२०१७ काढले: परदेशी जाणाऱ्या बोटीवर भारताबाहेर केलेल्या कामाचा अनिवासी खलाशाचा पगार केवळ एनआरई खात्यात जमा झाला म्हणून करपात्र होणार नाही. परिपत्रक आजही आधार आहे. पण ते अनिवासी खलाशापुरते बोलते. २०१७ मध्ये १५ लाखांची रेघच नव्हती, त्यामुळे मधल्या वर्गात ढकलल्या गेलेल्या खलाशाचा विचार त्यात असणे शक्य नव्हते. शब्दावर बोट ठेवणारा अधिकारी भेटला तर ३८ लाखांचा पगार पुन्हा कराच्या जाळ्यात.

म्हणजे फ्लॅट विकल्यामुळे पगारावर कर येण्याची वेळ आली होती, आणि मार्च संपत आला होता.

पंधरा लाखांची मोजणी वजावटी आणि सवलती गेल्यावर उरणाऱ्या एकूण उत्पन्नावर होते. म्हणून तेच खाली आणायचे. कलम ५४ प्रमाणे नवे घर घ्यावे, तर त्यांच्या डोक्यात गावच्या घराची दुरुस्ती होती, नवे घर नव्हते. कलम ५४ ईसी मात्र नेमके होते: जमीन किंवा इमारत विकल्यापासून सहा महिन्यांत ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे घेतले तर तेवढा नफा करातून वगळला जातो. वर्षाला ५० लाखांपर्यंत, पाच वर्षे पैसे अडकतात, तेव्हाचा व्याजदर सव्वापाच टक्के आणि व्याज करपात्र. गुंतवणूक म्हणून कोणी हे रोखे वाखाणणार नाही. वहिनींनीही आधी नाक मुरडले, “पोस्टात याहून जास्त मिळतं.” मी त्यांच्यासमोर कागदावर दोन रकाने मांडले. एका बाजूला पाच वर्षांत कमी मिळणारे व्याज, दुसऱ्या बाजूला पगारावर येऊ शकणारा साडेआठ लाखांचा कर आणि नफ्यावर वाचणारे दीड लाखांच्या वरचे पैसे. त्यांनी रकाने स्वतः पुन्हा तपासले, बोटीवर नवऱ्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

सहा महिने १९ एप्रिलला संपत होते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले तरी सहा महिन्यांच्या आत घेतलेल्या रोख्यांची सवलत विक्रीच्याच वर्षाला मिळते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. पत्नीच्या नावे मुखत्यारपत्र होते म्हणून काम निभावले. ते नसते तर सही बोटीवर आणि अर्ज मुंबईत अशी अवस्था झाली असती. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एनआरओ खात्यातून आरईसी या सरकारी कंपनीचे ८ लाखांचे रोखे घेतले. करपात्र नफा उरला ९ लाख ६० हजार, भारतातले एकूण उत्पन्न १० लाख ७० हजार. दोन्ही दारे बंद. हिशेब पुन्हा साध्या १८२ दिवसांवर आला.

जुलै २०२४ मध्ये अनिवासी म्हणून विवरणपत्र भरले, कापलेल्या करातून जवळपास साडेदहा लाखांचा परतावा मागितला. एवढा परतावा मागितला की नजर जाते. जून २०२५ मध्ये छाननीची नोटीस आली आणि पहिलाच प्रश्न पासपोर्टच्या पानांचा होता. अधिकाऱ्याने शिक्क्यांवरून १८२ दिवस काढले आणि विचारले, निवासी का धरू नये?

निवासी धरला असता तर मधला वर्गही मिळाला नसता. त्यासाठी आधीच्या दहापैकी नऊ वर्षे अनिवासी असावे लागते, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातले दिवस ७२९ पर्यंत असावे लागतात. किनारी बोटीची दोन वर्षे आणि कोविडचे एक, अशी तीन निवासी वर्षे मागच्या दहांत होती. सात वर्षांचे दिवस तर हजाराच्या पुढे होते. म्हणजे पूर्ण निवासी, जगभरच्या उत्पन्नावर कर, शिवाय परदेशी मालमत्तेचा तक्ता न भरल्याचा प्रश्न वेगळा.

उत्तरात नियम १२६ मांडला आणि त्याला लागणारे कागद जोडले: सीडीसीची पाने, कंपनीचे नेमणूकपत्र, ६ डिसेंबरची नोंद असलेली क्रू यादी, बोटीला कांडल्याहून फुजैरासाठी मिळालेल्या बंदर परवानगीची प्रत. शेवटचा कागद सगळ्यांत महत्त्वाचा ठरला. सफर परदेशी बंदराकडे होती हे सीडीसीवरून सिद्ध होत नाही. तो कागद बोटीच्या एजंटाकडून मिळवायला सहा आठवडे गेले. दीड वर्षापूर्वीची बोट, दरम्यान एजंट बदललेला. कॉन्ट्रॅक्ट संपतानाच मागितला असता तर कॅप्टनकडून एका ईमेलमध्ये मिळाला असता.

दुसरा बचाव आम्ही हाताशी ठेवला होता, पण वर आणला नाही. पासपोर्टचेच दिवस मोजायचे म्हटले तरी उतरण्याचा दिवस धरायचा की नाही यावर एकमत नाही. आगाऊ निर्णय प्राधिकरणाने एका जुन्या प्रकरणात येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरले. बंगळुरू आणि मुंबईच्या न्यायाधिकरणांनी येण्याचा दिवस वगळल्याची उदाहरणे आहेत. वगळला तर १८१ आणि तो अनिवासी. पण दिवसाच्या तुकड्यावर प्रकरण उभे करणे मला पटत नाही. जॉइनिंग कंपनीने लांबवले, त्याचा इलाज नव्हता, हाही मुद्दा इंजिनीअरने फोनवर सुचवला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सक्तीचा मुक्काम वगळला होता खरा, पण तिथे पासपोर्ट सरकारने जप्त केला होता. बोट उशिरा आली ही तशी सक्ती नाही, असे त्याला स्पष्ट सांगितले.

अधिकाऱ्याने सीडीसीचा हिशेब मान्य केला. १७६ दिवस, अनिवासी, पगार करपात्र नाही. कांडल्यात उभ्या बोटीवर केलेल्या त्या थोड्या दिवसांच्या कामाचा पगार भारतात कमावलेला म्हणून आम्ही विवरणपत्रात आधीच दाखवला होता. ती रक्कम लहान होती, पण ती दाखवल्यामुळे बाकीचे म्हणणे ऐकून घेतले गेले असे मला वाटते.

परिपत्रकातली फट अजून तशीच आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, तरी १८२, १२० आणि १५ लाखांची चौकट नव्या कलम ६ मध्येही आली आहे. १५ लाखांच्या रेघेमुळे निवासी मानल्या गेलेल्या खलाशाच्या एनआरई खात्यातल्या पगारालाही तीच सवलत आहे, असा एका ओळीचा खुलासा मंडळाने काढला तर कोकण आणि गोव्यातल्या अनेक घरांचा घोर मिटेल. खलाशांच्या संघटनांनी ही मागणी लावून धरायला हवी.

त्या घरची पुढची विक्री ठरली आहे, चिपळूणजवळचा बिनशेती प्लॉट. खरेदीदाराशी बोलणी झाली, पण दस्त अजून केलेला नाही. वहिनींनी या वेळी आधी फोन केला, आणि दस्ताची तारीख त्याच्या कॉन्ट्रॅक्टचे वेळापत्रक आणि नफ्याचा अंदाज समोर ठेवून ठरवायची असे ठरले.